गाडी जमा, एक बोल्ट कमी

कंपनीने मला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलंय, हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो "मग गाडीचं काय?" हा. विचारणारे गृहस्थ आमच्या घरातले नव्हते. समोरच्या दारातले शेजारी होते, पातेलंभर भाजी द्यायला आले होते, आणि त्यामुळे माझ्या आयुष्यातली एवढी मोठी बातमी त्यांना माझ्या बायकोबरोबरच कळली.

यांना सगळी इमारत कप्तान म्हणते. ते कुठल्याही जहाजाचे कप्तान कधी नव्हते. बंदरावरच्या कॅन्टीनचे तीस वर्षं मॅनेजर होते. आता निवृत्त झालेत, एकटेच राहतात, पण हात अजून पन्नास माणसांच्या स्वयंपाकाचा आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी उरलेली भाजी कोणाच्या ना कोणाच्या दारात येते. तीस वर्षं खलाशांना जेवायला वाढल्यावर समुद्र आपोआप कळतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढण्याइतका समुद्र आमच्या इमारतीत दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

"विकायची वगैरे नाही हं," कप्तान म्हणाले. "सरळ बोटीने ने. मी आहे ना!"

बायको म्हणाली, "अहो, ती गाडी तिकडे नेऊन करायचं काय? दोन वर्षांचा तर प्रश्न. इथेच कुठेतरी ठेवून द्या."

झालं. त्या क्षणापासून पुढचे सहा आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. न्यायची की ठेवायची? ऑफिसात माझं काम बसवलेले पंप तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्याने आवळलेले बोल्ट नीट आवळलेत की नाही ते बघतो. वीस वर्षं मी हेच करत आलोय आणि माझ्या हातून एकही सैल बोल्ट सुटलेला नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचा विश्वास बसणार नाही.

या सगळ्या चर्चेत एकच माणूस गप्प होता. बाबा.

बाबा एका कारखान्याच्या भांडारात चौतीस वर्षं भांडारपाल होते. म्हणजे कारखान्यात आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे जमा व्हायची आणि त्यांच्या सहीने बाहेर जायची. निवृत्त झाले, पण भांडार त्यांनी सोडलं नाही, घरी आणलं. आमच्या घरात कात्री एका खिळ्याला टांगलेली असते आणि शेजारी वही. कात्री नेली की सही. लहानपणी मी त्यांच्याकडे साधी फूटपट्टी मागितली, तरी एका हाताने ती पुढे करून ते विचारायचे, "परत कधी?" मी म्हणायचो, "बघतो." ते पट्टी मागे घ्यायचे. "बघतो अशी तारीख नसते. सांग, परत कधी?" मग मी संध्याकाळी म्हणायचो, ते लिहून घ्यायचे, तेव्हा कुठे पट्टी मिळायची.

आणि मी दोन वर्षांसाठी परदेशी निघालो, तर या माणसाने मला हा प्रश्न विचारला नाही. नुसतं "बरं" म्हणाले आणि रेडिओ लावला.

ही गोष्ट माझ्या नाही, बायकोच्या लक्षात आली. "बाबांनी काहीच विचारलं नाही, बघितलंत ना?"

"विचारण्यासारखं काय आहे? सगळं ठरलंय," मी म्हणालो.

ठरलं होतं ते असं. आम्ही दोघं जाणार, घर बंद करणार, आणि बाबा ताईकडे राहणार. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिच्याकडे बाबांसाठी खोली होती. म्हणजे खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, इस्त्रीचं टेबल होतं आणि भावोजींनी मोठ्या उत्साहाने आणलेली व्यायामाची सायकल होती. त्यांच्यामधून बाबांची कॉट बसत होती. मी टेप लावून मोजलं होतं. कंपनीचं पत्र म्हणत होतं, 'दोन वर्षे, आवश्यकतेनुसार वाढ', आणि त्या वाढीबद्दल आम्ही घरात मोठ्याने कोणी बोलत नव्हतो. आमच्याच ऑफिसातला एकजण असाच दोन वर्षांसाठी गेला होता, त्याला आता तिकडे अकरावं वर्ष लागलंय. खरं सांगायचं तर बाबांना सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि ते बोलायला लागू नये म्हणून मी गाडीबद्दल बोलत होतो.

तर गाडी. छोटीशीच आहे, चार माणसांची, पाचवा बसला तर कोणीतरी दाराशी बोलत बसतं. बाबा तिला रोज सकाळी पुसतात, मग चालकाच्या जागेवर बसतात, इंजिन सुरू करतात आणि दहा मिनिटं बातम्या ऐकतात. चालवत नाहीत. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांना कोणी सांगायच्या आत ते स्वतःच वाहन कार्यालयात जाऊन चालकाचा परवाना जमा करून आले, पावती घेऊन.

मी पहिल्यांदा कप्तानांच्या ओळखीच्या जहाजवाल्याकडे गेलो. म्हणजे त्याचं जहाज नव्हतं, दुसऱ्याच्या जहाजावर सामान चढवून द्यायचा त्याचा धंदा होता. त्याने एक लांबलचक फॉर्म काढला.

"गाडी किती वर्षांची, साहेब?"

"दहा," मी म्हणालो.

हे 'दहा' जरा नीट समजून घ्यायला हवं. गाडी दहा वर्षांची झाली तेव्हा मी लोकांना दहा सांगायला सुरुवात केली आणि मग ते तसंच राहिलं. माझ्या मेव्हणीचं वय गेली सहा वर्षं चाळीस आहे, तिला कोणी काही म्हणत नाही.

"गाडी पूर्ण रिकामी हवी," जहाजवाला म्हणाला. "आणि स्वच्छ. म्हणजे तुमची स्वच्छ नव्हे, त्यांची स्वच्छ. मातीचा कण नको, पान नको, बी नको. तिकडे भिंग घेऊन बघतात. एक बी सापडलं की गाडी परत, तुमच्या खर्चाने. शिवाय वाहन कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल."

त्या रविवारी आम्ही गाडी धुवायला काढली. कप्तान खुर्ची घेऊन खाली येऊन बसले आणि बसल्याबसल्या हुकूम सोडायला लागले. "सीट काढ. सीटखाली खरी माती असते. जहाजावर आम्ही सगळं उचकटून धुवायचो." कप्तानांनी जहाजावर काय धुतलं असेल ते मला माहीत होतं, पण चारचौघांत बोलता येईना. मी पुढच्या दोन्ही सीट काढल्या. एकेका सीटला चार, असे आठ बोल्ट निघाले.

बाबा तेवढ्यात वर गेले आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्या आणि चिठ्ठ्या घेऊन आले. प्रत्येक बोल्टला पिशवी, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी : डावी सीट, पुढचा. उजवी सीट, मागचा. मी म्हणालो, "बाबा, मी रोज हजार बोल्ट बघतो हो!" ते म्हणाले, "तुझं चालू दे," आणि चिठ्ठ्या लिहीत राहिले. मला जरा लागलंच ते. एवढ्यात मला हाक आली, म्हणून शेवटचा बोल्ट मी त्यांच्याकडे न देता कुठेतरी ठेवला. कुठेतरी म्हणजे कुठे, हा पुढे आमच्या घरातला मोठा वादाचा मुद्दा झाला. बायकोच्या मते मी तो टपावर ठेवला आणि वरून पाण्याचा पाइप मारला. माझ्या मते कप्तान त्यावर बसले होते.

सीटखाली बाबांचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा मिळाला, चार पेनं मिळाली, आणि डिकीतल्या चटईखाली कशाचं तरी दोन पानांचं रोप उगवलेलं निघालं. बायकोने ते कुंडीत लावलं. संध्याकाळी सीट बसवायच्या वेळी बाबांनी पिशव्या ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "आठ काढले. सात आले."

"एकाने काय होतंय?" मी म्हणालो. हे वाक्य माझ्या साहेबांनी ऐकलं असतं तर माझं परदेश तिथेच संपलं असतं.

बायकोच्या बाजूला चार बोल्ट लावणं भाग होतं, कारण ती उभी राहून मोजत होती. माझ्या सीटला तीन आले. गाडी सरळ चालली की काही वाटायचं नाही. डावीकडे वळली की सीट मला घेऊन उजवीकडे कलायची आणि माझा कान खिडकीच्या काचेला टेकायचा. वाहन कार्यालय आमच्या घरापासून नेमकं सहा डाव्या वळणांवर आहे.

कार्यालयातल्या बाईंनी गाडीचं पुस्तक बघितलं, मग चष्म्यावरून बाहेर उभी असलेली गाडी बघितली.

"पुस्तकात राखाडी आहे. ही आकाशी आहे."

"हो, चार वर्षांपूर्वी रंग बदलला."

"परवानगी?"

"ती घ्यायची असते हे माहीत नव्हतं. आता घेतो."

"रंग बदलण्यापूर्वीची परवानगी आता कशी देणार?" बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर वाईट नव्हता, उलट माझ्याबद्दल काळजीच होती त्यात. "असं करा. गाडी राखाडी करून आणा. आम्ही तपासू. मग आकाशी करायची परवानगी देऊ. मग आकाशी करून आणा. आम्ही तपासू."

"पण बाई, गाडी आत्ता आकाशीच आहे."

"म्हणून तर अडलंय."

त्यांनी मला अर्ज दिला. त्यात एक रकाना होता : रंग बदलण्याचे कारण. आता कारण सांगायचं तर ते असं होतं. आमच्या इमारतीखाली पाच गाड्या उभ्या असतात, त्या वेळी पाचही राखाडी होत्या. बाबांचे डोळे अधू झाल्यावर त्यांना आपली गाडी ओळखू येईना. आठ दिवस रोज सकाळी त्यांनी कप्तानांची गाडी पुसली. कप्तान खिडकीतून बघत होते, पण एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटायचं, फुकटात काम होतंय म्हणून. नंतर कळलं की बाबांना वाईट वाटेल म्हणून ते गप्प बसले होते. मी त्याच आठवड्यात गाडी लांबून दिसेल अशी आकाशी करून घेतली आणि बाबांना सांगितलं की मला हौस आली.

"वडिलांना दिसावी म्हणून," मी बाईंना म्हणालो.

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "हे कारण यादीत नाही हो," त्या म्हणाल्या. "हौस आहे यादीत. हौस लिहा."

मी हौस लिहिलं.

घरी आल्यावर कप्तान म्हणाले, "एवढंच ना? पाण्यात विरघळणारा राखाडी रंग मिळतो. आज लाव, उद्या दाखव, परवा धुऊन टाक." माणूस बुडायला लागला की कुणाचंही ऐकतो. शनिवारी आम्ही गाडीला राखाडी रंग दिला. सोमवारी मी निघालो. पाचव्या वळणापर्यंत सगळं छान चाललं होतं. पाचव्या वळणावर माझ्यापुढे पाण्याचा टँकर आला. त्याचा मागचा नळ नीट बंद केलेला नव्हता. ज्याने कोणी तो बंद केला होता, त्याच्या कामाची तपासणी करायला मला मनापासून आवडलं असतं. मला पुढे काढता येईना, मागे राहता येईना, कारण मागचा बसवाला हॉर्न मारत होता. सहाव्या वळणावर माझा कान काचेला टेकला तेव्हा काचेवरून राखाडी ओघळ वाहत होते.

तपासणीला बाई स्वतः बाहेर आल्या. गाडी राखाडी होती, आकाशीही होती. टपापासून खालपर्यंत दोन्ही रंगांचे पट्टे उतरलेले होते आणि मी बाजूला उभा होतो. रांगेतली माणसं रांग सोडून बघायला आली. एकाने विचारलं, "सर्कशीची आहे का?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बाई दोनदा गाडीभोवती फिरल्या. मग आत गेल्या, रंगाच्या रकान्यात 'इतर' असं लिहिलं, शिक्का मारला आणि प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं.

"बाई, हे 'इतर' आधी लिहिता आलं नसतं का?"

"आधी गाडीला एकच रंग होता," त्या म्हणाल्या.

मी ते प्रमाणपत्र छातीशी धरून जहाजवाल्याकडे गेलो. त्याने ते बघितलं, गाडीचं पुस्तक बघितलं, आणि बोटांवर मोजायला लागला.

"साहेब, ही बारा वर्षांची आहे."

"दहा-बारा."

"तिकडे दहावरची गाडी उतरवूनच घेत नाहीत. तुम्ही पहिल्या दिवशी बारा म्हणाला असतात, तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं." आणि त्याने खरोखरच चहा मागवला. मी प्यायलो. दुसरं काय करणार?

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की न्यायचा विचार मी रद्द केलाय, ठेवणंच शहाणपणाचं. बायको म्हणाली, "हे कोण म्हणालं होतं पहिल्या दिवशी?" मी रेडिओ लावला. हल्ली मी काही बाबतींत बाबांवर जायला लागलोय.

निघायला बारा दिवस उरले होते. शहराबाहेर गाड्या सांभाळणारा एकजण होता. त्याने जाहिरातीत लिहिलं होतं, 'आपल्या गाडीचे दुसरे घर'. मी निघालो तर बाबा चपला घालून तयार होते. "मी पण बघतो," म्हणाले.

ती जागा म्हणजे पूर्वीचं कोंबड्यांचं खुराडं होतं. लांबच लांब पत्र्याची शेड, आत पन्नासएक गाड्या ओळीने उभ्या. निम्म्या गाड्यांच्या चाकांत हवा नव्हती. एका गाडीत मागच्या सीटवर कोंबडी बसली होती, बहुधा तिला जागा सोडायची बातमी कळली नव्हती. मालक मोठा आनंदी माणूस होता.

"अगदी निर्धास्त राहा, काका. रोज सुरू करतो आम्ही सगळ्या गाड्या."

"आवक-जावक वही कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"कसली वही?"

"कोणती गाडी कधी आली, कोणी आणली, कधी जाणार."

मालकाने आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं. "सगळं इथे आहे."

"आणि किल्ल्या?"

मालकाने एक बादली आणली. बादलीत पन्नास गाड्यांच्या किल्ल्या होत्या. बाबांनी त्या बादलीत बघितलं. आजवर मी त्यांना एवढं हादरलेलं बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ते इतके हादरले नव्हते, निदान आमच्यासमोर. मी घाईघाईने मालकाला विचारलं, "आणि ही माणसं गाड्या परत कधी नेतात?"

"कोणी दोन वर्षं म्हणून ठेवतात, साहेब. मग फोन येतो, अजून राहू दे. मग फोन येत नाही." आणि तो हसला. "ही बघा, ही नऊ वर्षांची जुनी पाहुणी."

बाबा त्या गाडीजवळ गेले. तिच्यावर धुळीचा इतका थर होता की रंग कळत नव्हता. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि तिची पुढची काच पुसली. पूर्ण पुसली, कोपऱ्यांसकट. रुमालाची घडी घातली आणि बाहेर आले.

परतीच्या वाटेवर पहिल्याच डाव्या वळणावर मी काचेला टेकलो, तेव्हा ते बोलले.

"माझं ठेवायचं ठरलं. हिचंच राहिलंय."

मी गाडी बाजूला घेतली. एवढा वेळ हॉर्न, टँकर, शिक्के यांत मला जे ऐकायचं नव्हतं ते त्यांनी पाच शब्दांत सांगितलं होतं. आपण बापाची कॉट शिवणयंत्र आणि सायकलीच्या मधून बसते की नाही ते टेप लावून मोजलं, हे आठवून मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला दुसरीकडे बघावं तर सीट कललेली.

"बाबा, तुम्हाला ताईकडे नाही जायचं?"

"मला कोणी विचारलं?"

"मी विचारतोय."

"मग नाही," बाबा म्हणाले. "माझं घर आहे, गाडी आहे, रेडिओ आहे. भांडार कोणी बंद करतं का, मालक गावाला गेला म्हणून?"

घरी आल्यावर मी हे सांगितलं तर बायको एवढंच म्हणाली, "मी सहा आठवडे हेच म्हणत होते." ती हे म्हणत नव्हती, ती विचारत होती, पण मी वाद घातला नाही. ताईला फोन केला. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की दर रविवारी मी येईन आणि बाबांना गाडीतून फिरवून आणीन. राहिला जेवणाचा प्रश्न, तो सोडवायला कप्तान न बोलावता आले.

"त्यात काय आहे? पातेलं माझ्याकडे रोज पन्नास माणसांचंच असतं," ते म्हणाले. मग बाबांकडे न बघता म्हणाले, "आणि आठ दिवस माझी गाडी पुसलीत तुम्ही. त्याचं काहीतरी देणं लागतोच की मी."

बाबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "ती तुमची होती?"

"हो."

"तरीच काच इतकी घाण होती."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांनी मला टेबलाशी बोलावलं. समोर पावतीपुस्तक होतं, कारखान्यातलं, जुनं, मध्ये कार्बन घातलेला. भिंग घेऊन ते हळूहळू लिहीत होते आणि लिहिताना मोठ्याने वाचत होते.

"वस्तू : गाडी, एक. रंग : इतर." तो शब्द त्यांना फार आवडला होता. "स्थिती : चालू. एक बोल्ट कमी. ठेवणार : मुलगा."

मग पेन थांबलं.

"परत नेण्याची तारीख."

"बाबा, पत्रात दोन वर्षं आहे. पण ते वाढूही शकतं, म्हणजे तिकडे गेल्यावर बघून..."

त्यांनी पेन माझ्याकडे केलं नाही. किल्ली टेबलावर होती, तिच्यावर हात ठेवला.

"बघतो अशी तारीख नसते," ते म्हणाले. "रकाना रिकामा ठेवून मी आजवर खिळासुद्धा घेतला नाही. सांग, परत कधी?"

सहा आठवडे ज्या प्रश्नाची मी वाट बघत होतो आणि ज्याला टाळतही होतो, तो असा समोर आला. बायको दारात उभी होती. मी पेन घेतलं आणि तारीख लिहिली. दिवस, महिना, वर्ष. बाबांनी भिंगातून ती तपासली, बोटांवर काहीतरी मोजलं, सही केली, आणि मूळ प्रत फाडून मला दिली. कार्बनची प्रत पुस्तकात राहिली.

"हरवू नकोस. पावतीशिवाय माल मिळत नाही."

तेव्हापासून दर रविवारी बाबांचा फोन येतो. आधी गाडीचा अहवाल : रोज दहा मिनिटं सुरू केली, हवा बरोबर, ताईने एकदा गिअर जोरात टाकला. मग कप्तानांचा अहवाल : मीठ जास्त. मग माझी चौकशी. कुंडीतल्या त्या दोन पानांच्या रोपाला टोमॅटो लागले, तेही नोंदवून झाले. किती, तेही मला कळलं.

मागच्या महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं की तुझं काम चांगलं आहे, अजून तीन वर्षं वाढवू, वरची जागाही देऊ. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उठली, कपाट उघडलं, आणि पासपोर्टमधली पावती काढून माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की मला जमणार नाही, माझी गाडी सोडवायची आहे.

"गाडी? कुठे अडकली आहे?"

"भांडारात जमा आहे. तारीख चुकवता येत नाही."

साहेबांनी कोणाला तरी फोन करून माझ्या जागी दुसरं नाव सुचवायला सांगितलं.

आता एकोणीस दिवस उरलेत. काल इथल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन सीटचा बोल्ट आणला. मापाचा तोच, मी स्वतः तीनदा तपासला. इथे एक सुटा मिळत नाही, आठांचं पाकीटच घ्यावं लागतं. एक गाडीला लागेल. उरलेले सात बाबा जमा करून घेतील.